पोवळ्यांना चुना कोण पुरवणार?

सेमिनरीत नीतिशास्त्राचे पहिले धडे गिरवताना अॅरिस्टॉटलचे एक मत शिकवले जाते. माणूस साध्याविषयी खल करीत नाही, साधनांविषयी करतो, असे तो म्हणतो. वैद्य रोग्याला बरे करावे की नाही यावर विचार करीत बसत नाही. कोणते औषध द्यावे याचा विचार करतो. पुढे संत थॉमस अक्वायनस यांनीही विवेक या सद्गुणाचे क्षेत्र साधनांपुरते आखून दिले. साध्य त्याला आधीच नेमून दिलेले असते, विवेकाने फक्त वाट शोधायची. ग्रीक नगरात किंवा मध्ययुगीन मठात ही मांडणी नीट बसत असेल. आमच्या धर्मग्रामांतील घरांत मात्र आम्हांला वेगळेच दिसते. मंगल कार्यालय सहाशे पानांचे घ्यावे की हजार पानांचे, यावर महिना महिना चर्चा चालते, दरपत्रके मागवली जातात, नातलगांचे सल्ले घेतले जातात. आणि एवढ्या थाटाचे लग्न का करायचे हा प्रश्न कधी निकालात निघाला, हे कोणालाच आठवत नाही. साधनाची निवड जितकी चोखंदळ, तितके साध्य नजरेआड होते.

अशाच एका निवडीचा प्रश्न सांगलीच्या विश्रामबाग भागात राहणाऱ्या एका कुटुंबाने आमच्यापुढे ठेवला. वडील साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, आईचे माहेर सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात, मुलगा अभियंता. मुलाने दिवाणखान्यात पाच फूट लांबीची, चारशे लिटर पाण्याची काचेची पेटी ठेवली आहे. तीत खारे पाणी आहे, चार-सहा मासे आहेत आणि बाकी सारी जिवंत पोवळी आहेत. मुलाला पुण्यास नोकरी लागली आहे. जाण्यापूर्वी त्याला या पेटीसाठी ‘कॅल्शियम रिअॅक्टर’ नावाचे यंत्र घ्यायचे आहे. दोन यंत्रे त्याने हेरून ठेवली आहेत. एक लहान व एका नळकांड्याचे, दुसरे मोठे व दोन नळकांड्यांचे. वडील म्हणाले, “फादर, यातले कोणते घ्यायचे ते तुम्हीच सांगा, म्हणजे घरातला वाद तरी मिटेल.” वाद मिटवणे हे धर्मगुरूचे कामच आहे. पण यंत्राची माहिती घेता घेता आमच्या लक्षात आले की या घरात वाद यंत्रावरून नव्हताच.

तरीही यंत्रापासूनच आरंभ केला पाहिजे, कारण समोरच्याने विचारलेला प्रश्न आधी त्याच्या शब्दांत समजून घेणे हे सौजन्य आहे. पोवळे म्हणजे सोनाराकडील लाल मणी, एवढीच आपल्याकडे बहुतेकांची ओळख. तो मणी भूमध्य समुद्रातील एका वेगळ्या जातीच्या प्रवाळाचा; त्याचा आणि खडक रचणाऱ्या प्रवाळाचा संबंध दूरच्या भावकीचा. खडक रचणारे प्रवाळ हा मोहरीएवढा किंवा त्याहून थोडा मोठा असा मऊ प्राणी असतो. त्याच्या शरीरात सूक्ष्म शेवाळ राहते व उन्हाच्या बळावर त्याला अन्न पुरवते. हा प्राणी समुद्राच्या पाण्यातील चुना शोषून आपल्याखाली दगडी सांगाडा उभारतो. असे लक्षावधी प्राणी पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत राहिले की समुद्रात खडकांच्या रांगा तयार होतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात चारशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते आणि समुद्र अफाट असल्यामुळे ते सरत नाही. चारशे लिटरच्या पेटीत मात्र ते सरते. पोवळी धष्टपुष्ट असतील तर काही दिवसांत पाण्यातील चुना व त्याबरोबरची क्षारता इतकी घटते की वाढ थांबते आणि मग पोवळी मरू लागतात. म्हणजे पेटी ठेवणाऱ्याला समुद्राचे काम स्वतः करावे लागते.

ते करण्याच्या रीती चार. पोवळी थोडी असतील तर आठवड्याला काही पाणी बदलून नवे खारे पाणी घातले तरी भागते. दुसरी रीत आपल्या आजीला ठाऊक होती: चुन्याची निवळी. शुद्ध चुना पाण्यात ढवळून ठेवायचा, खाली बसू द्यायचा आणि वरचे नितळ पाणी थेंबथेंब पेटीत सोडायचे. (पानपट्टीवरचा चुना इथे चालत नाही, त्यात काय काय मिसळलेले असते कोण जाणे.) तिसरी रीत दोन वेगवेगळ्या द्रावणांची, एक चुन्याचे व एक सोड्याचे, रोज मोजून घालायची. चौथी रीत म्हणजे हा रिअॅक्टर. बंद नळकांड्यात मेलेल्या पोवळ्यांच्या सांगाड्यांची भरड भरलेली असते. पेटीतील पाणी त्यातून हळूहळू फिरते आणि त्यात सिलिंडरमधून कर्बवायूचे बुडबुडे सोडले जातात. सोडावॉटरच्या गाडीवर असतो तोच हा वायू. त्याने पाणी आंबट होते, पीएच साडेसहाच्या जवळपास उतरतो, भरड विरघळते आणि चुना व क्षारता यांनी संपृक्त झालेले पाणी एका बारीक नळीतून पेटीत ठिबकत राहते.

निवडीचे नियम मुलाने आम्हांला बारकाईने समजावले आणि ते ऐकताना त्याच्या बुद्धीचे कौतुक वाटले. भरड भुकटीसारखी बारीक नको, नाहीतर लगदा होऊन पाणी अडते. तीत फॉस्फेट मुरलेले नको, नाहीतर पेटीत शेवाळ माजते. वायू रोखणारी विजेची झडप वीज गेली की आपोआप मिटणारी हवी. बुडबुडे मोजण्याची कुपी, पीएच दाखवणारा काटा, आणि वायूचा दाब घड्याळासारखा स्थिर ठेवणारा रेग्युलेटर यांत काटकसर करू नये. यंत्र बिघडते ते बहुधा याच ठिकाणी. दुसरे नळकांडे असेल तर पहिल्यातून सुटलेला जादा वायू त्यातील भरडीत खर्ची पडतो आणि पेटीचे पाणी आंबट होत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, यंत्र घेण्यापूर्वी आठवडाभर रोज एकाच वेळी पाण्याची क्षारता मोजावी. दिवसाला किती घटते हे कळले की यंत्र किती मोठे हवे ते कळते.

मुलाने हे मोजमाप केले होते. आकडा लहान यंत्राला पुरून उरेल असा होता. मग मोठ्याचा विचार का? कारण पुढे पोवळी वाढतील, आणखी आणता येतील.

या उत्तरापाशी आम्ही बराच वेळ थांबलो, कारण अॅरिस्टॉटलची मांडणी इथे उलटी झाली होती. साध्यासाठी साधन हवे होते. आता साधन घेतले म्हणून साध्य वाढणार होते. मोठे यंत्र रिकामे कसे ठेवायचे? तीन खोल्यांच्या घरात सहा बर्नरची शेगडी आणली की पंगती उठवाव्या लागतात, त्यातलाच हा प्रकार. आणि इथे निवळीचा एक गुण आम्हांला फार विचार करण्याजोगा वाटला. निवळीत चुना लिटरमागे जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम विरघळतो, त्याहून अधिक नाही. शिवाय पेटीतून दिवसभरात जेवढे पाणी वाफ होऊन उडेल, तेवढीच निवळी भरपाई म्हणून घालता येते. अधिक घातली तर पेटी भरून वाहील आणि पाण्याचा पीएच भलताच चढेल. म्हणजे किती पोवळी पोसता येतील याची सीमा त्या उपायातच आहे. उन्हाने जेवढे नेले तेवढेच तुम्ही द्यायचे. रिअॅक्टर ही सीमा काढून टाकतो. त्याला बाष्पीभवनाशी कर्तव्य नाही. वायूचा बुडबुडा वाढवला की चुना वाढतो. मर्यादा असलेले साधन आणि मर्यादा नसलेले साधन, यांतली निवड किमतीच्या किंवा सोयीच्या पत्रकात दिसत नाही, पण खरी निवड तिथेच होत असते.

आता दोन आक्षेपांकडे वळू. पहिला आम्ही स्वतःहून उभा केला व स्वतःच सोडून दिला. ज्या कर्बवायूने काचेतील पोवळे वाढवायचे, तोच वायू हवेतून समुद्रात मुरून बाहेरच्या पोवळ्यांचा घास घेतो आहे. यंत्रयुगाच्या आरंभापासून समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच ८.२ वरून ८.१ पर्यंत उतरला आहे. आकडा क्षुल्लक दिसतो, पण त्याचा अर्थ आम्लता सुमारे तीस टक्क्यांनी वाढली असा होतो. त्यात पाणी तापले की पोवळ्यांच्या अंगातील शेवाळ निघून जाते व ती पांढरी पडतात. १९९८, २०१० आणि २०१६ साली लक्षद्वीपच्या प्रवाळांनी हे भोगले, आणि एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातील चौथे पांढरेपण जाहीर केले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात उजाड होत चाललेल्या प्रवाळ खडकांचा उल्लेख मुद्दाम केला आणि फिलिपाइन्सच्या बिशपांनी १९८८ साली लिहिलेल्या पत्राचा आधार घेतला. हे सारे खरे. परंतु मुलाच्या सिलिंडरमध्ये पाच किलो वायू मावतो, तो काही महिने पुरतो, आणि तेवढा वायू मोटारसायकलने दोन-सव्वादोन लिटर पेट्रोल जाळले तरी हवेत जातो. एवढ्यावरून त्याला अपराधी ठरवायचे तर रविवारी मिस्सेला दुचाकीवरून येणाऱ्या सर्वांना ठरवावे लागेल. नैतिक प्रश्नांत प्रमाणाचे भान सुटले की उपदेश पोकळ होतो.

दुसरा आक्षेप आईचा होता आणि तो आम्हांला सोडता आला नाही. पेटीला नळाचे पाणी चालत नाही. त्यातील क्षार काढण्यासाठी आरओ यंत्र लागते, आणि एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन-चार लिटर पाणी गटारात जाते. बदलायचे पाणी आणि उडालेल्या पाण्याची भरपाई धरली तर या घरातून आठवड्याला दोन-अडीचशे लिटर पाणी असे वाहते. माण तालुक्यात टँकरची वाट पाहत वाढलेल्या त्या बाईला खर्चाचे काही नव्हते. मुलाच्या पगारावर तिने कधी बोट ठेवले नाही. तिला त्या नळीचा आवाज रात्री झोपू देत नसे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर, तेव्हा आपण सांगली-मिरजकरांनी अभिमान बाळगला. त्याच जिल्ह्यात जत आणि आटपाडी आहेत, शेजारी माण आणि खटाव आहेत. मुलाने आईचे ऐकून वाया जाणारे पाणी पिंपात साठवायला आणि धुण्या-पुसण्याला वापरायला आरंभ केला आहे, हे नमूद केले पाहिजे. तरी पिंप रोज भरते आणि धुणे रोज तेवढे नसते.

आणि तिसरी गोष्ट आक्षेप म्हणून कोणी मांडलीच नव्हती. ती आम्हांला विचारावी लागली. ही पोवळी आली कोठून? वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि खडक रचणारी सारी प्रवाळे २००१ पासून त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत, बसवलेली आहेत. दगडी प्रवाळांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराचेही नियंत्रण आहे, आणि २०२४ च्या नियमांनी अशा करारातील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणी करण्यास सांगून सहा महिन्यांची मुदत दिली होती. मुलाने तुकडे मुंबईच्या एका विक्रेत्याकडून घेतले. ते परदेशात शेती करून वाढवलेले आहेत असे त्याला सांगण्यात आले. पावतीवर मात्र ‘शोभेचे दगड’ एवढेच लिहिले आहे. या पावतीपुढे एक नळकांडे की दोन, ही चर्चा आम्हांला पोरकट वाटली आणि तसे आम्ही स्पष्ट सांगितले. एखादा जीव समुद्रातून फोडून आणला असण्याची शक्यता असेल, तर त्याची निगा किती उत्तम राखली जाते हे सांगून त्या शक्यतेवर पांघरूण घालता येत नाही. चोरीच्या गाईला पेंड घातल्याने ती आपली होत नाही.

पण ती आता गोठ्यात आहे, हेही तितकेच खरे. तिला उपाशी ठेवणे हे चोरीचे प्रायश्चित्त नव्हे. पोवळी समुद्रात परत सोडून देण्याची सूचना वडिलांनी केली. ती वरवर पुण्याची वाटते, पण काचेतील रोग व परके जीव समुद्रात जाण्याचा त्यात धोका आहे. म्हणजे मुलाने एक अशी स्थिती निर्माण केली आहे की ती राखणे व सोडणे दोन्ही अवघड. स्वतःवर अवलंबून असलेले जीव जो निर्माण करतो, त्याच्यावर एक ऋण चढते. मूल जन्माला घालणाऱ्यापासून कुत्रे पाळणाऱ्यापर्यंत सर्वांना ते लागू आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठच्या अनेक शेतकऱ्यांनी जनावरे मागे सोडून नावेत बसायला नकार दिला. बाहेरच्यांना तो अडाणीपणा वाटला असेल. आम्हांला त्यात ऋणाची जाणीव दिसली. विश्रामबागेतही त्या दिवसांत वीज नव्हती. मुलाने चार दिवस बॅटरीवरच्या लहान पंपाने आणि शेवटी हाताने तांब्याने पाणी ढवळून पेटी जगवली. त्याच दिवसांत, ब्रह्मनाळच्या नावेची दुर्घटना घडलेल्या त्याच आठवड्यात, तो छावणीतही राबत होता. एका कामाने दुसऱ्याची आडकाठी केली नाही, असे त्याची आईच म्हणाली.

म्हणूनच या छंदाला नुसती चैन म्हणून मोडीत काढायला आमचे मन धजत नाही. कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते, तिथून अरबी समुद्र पासष्ट किलोमीटरही नाही. पण ती त्याच्याकडे पाठ फिरवून चौदाशे किलोमीटरवरच्या बंगालच्या उपसागराला जाते. सातारा-सांगलीच्या माणसाचे समुद्राशी नाते असे पाठमोरे आहे. या मुलाने मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात डोके बुडवून पहिल्यांदा प्रवाळ पाहिले आणि तो हरखला. तिथे १९८७ पासून सुमारे २९ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य आहे. पाहून तो परत आला असता तर प्रश्नच उरला नसता. पण पाहिलेले जवळ हवे वाटणे ही माणसाची जुनी ओढ आहे, आणि जवळ आणल्यामुळे तो पाण्याचा एकेक अंश मोजायला, चार अंशांनी तापलेल्या पाण्याची धास्ती घ्यायला शिकला, हेही नाकारता येत नाही.

आपल्या सांगली जिल्ह्यातच याचे दुसरे रूप आहे. सागरेश्वर. नावात सागर आणि भोवती ओसाड टेकड्या, तिथे धों. म. मोहिते व त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडे लावली, हरणे आणून सोडली, आणि १९८५ साली सुमारे अकरा चौरस किलोमीटरचे अभयारण्य उभे राहिले. तेही माणसाने रचलेलेच, तेही कुंपणातलेच. कुंपण ओलांडून जनावरे पिकात शिरतात म्हणून शेतकऱ्यांची तक्रारही आहे. तरी त्या कामाची दिशा वेगळी आहे. झाड रुजले की पाणी घालणाऱ्याने बाजूला व्हायचे, हरणाने आपले गवत आपण शोधायचे. तिथे माणसाचा हात हळूहळू मागे घेता येतो. काचेच्या पेटीतून तो कधीच मागे घेता येत नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात पहिल्या माणसाला बागेची मशागत व राखण ही दोन कामे मिळाली. बाग लावून दिलेली होती. मुळांना रोज चुना पुरवण्याचे काम मात्र त्याच्याकडे नव्हते.

इथवर आल्यावर यंत्राच्या निवडीचा खरा अर्थ उलगडला. आजवर निवळी मुलगा स्वतः घालत असे, रोज रात्री अकरा वाजता, कारण रात्री पाण्याचा पीएच उतरलेला असतो व निवळी तेव्हा मानवते. तो पुण्यास गेला की ते कोणी करायचे? रिअॅक्टर हवा होता तो या प्रश्नाचे उत्तर म्हणून. पण यंत्राला कळत नाही की पोवळ्याचा रंग उतरला आहे. झडप अडकली, भरड संपली, सिलिंडर रिता झाला, तर ते पाहायला घरात कोण असणार होते? आई. म्हणजे मोठे यंत्र घ्या की लहान, त्या पेटीची जबाबदारी न विचारता तिच्या पदरी पडणार होती, जिला तिचा आवाज झोपू देत नाही. घराघरांत मुले अशा गोष्टी मागे ठेवून शहराला जातात: कुत्री, गाड्या, कर्जे, कधी कधी आपली मुलेसुद्धा. सोय करून ठेवली आहे, असे ती म्हणतात आणि ते खोटे नसते. पण सोय आणि राखण यांत फरक आहे, आणि राखण दुसऱ्याच्या नावे करायची तर त्याला आधी विचारावे लागते.

आम्ही आमचे मत दिले. दोन्ही यंत्रे घेऊ नयेत. एकही नवे पोवळे आणू नये. पावती घेऊन वनखात्याच्या कार्यालयात जावे, जे असेल ते सांगावे आणि ते सांगतील तसे करावे, मग त्यात पोवळी जावोत की राहोत. ती राहिली, तर निवळीच्या मर्यादेत जेवढी जगतील तेवढीच पेटी समजावी. आणि निवळी कोण घालणार हे मुलाने आईला समोर बसून विचारावे. तिने नाही म्हटले तर ते अंतिम. मुलाला यातले पहिले पटले नाही. त्याचे म्हणणे, निवळीने पेटी आज निभते, पण पावसाळ्यात सांगलीच्या दमट हवेत पाणी उडतच नाही, मग चुना जाणार कसा? हा मुद्दा आमच्या ध्यानात आला नव्हता असे नाही. त्याला आमच्याकडे तोड नव्हती. वडील पावती घेऊन गेले आहेत. आईने विचारले, निवळी रोज किती लागते. मुलाने सांगितले, मार्च-एप्रिलात सहा लिटर, श्रावणात तीनसुद्धा नाही. तिने पिंपाकडे पाहून विचारले, मग श्रावणात पोवळी कमी का नाही खाणार? मुलगा आता क्षारता रोज मोजून वहीत लिहितो आहे. पाऊस लागल्यावर आकडे काय सांगतात ते कळेल.